उलटलेले दुखणे : साधकासाठी एक पाठ

सज्जन हो, मागच्या वद्य एकादशीला नर्सीस नामदेवरायांच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन करून कयाधूच्या काठाने परतत असता एक माळकरी बाई भेटल्या. वय साठीच्या आसपास, हातात काठी, गळ्यात तुळशीची माळ. पाया पडायला वाकल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. कंबर धरून उभ्या राहिल्या न् म्हणाल्या, "महाराज, चार महिने औषधपाणी केलं, सांगितलेला व्यायाम केला. पायातली कळ गेली व्हती. वाटलं, औंदा वारी घडती. परवा तुरीचं पोतं सरकवलं आन् पुन्हा तसंच. जिथून निघाले तिथंच येऊन बसले. देवानं टाकलं का हो मला?"

मी त्यांना दोन शब्द बोललो, पण ते वाटेवरचे, घाईचे बोलणे. एवढ्या मोठ्या प्रश्नाला ते पुरणारे नव्हते. घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. जाईल कसा? तो प्रश्न माझाही आहे. मीही त्याच वाटेने गेलेलो आहे आणि अजून ती वाट पुरती संपलेली नाही. म्हणून या महिन्याचा पाठ त्या माउलीच्या प्रश्नावर लिहितो. दुखणे एकदा येते तेव्हा माणूस सोसतो. पण बरे होत आलेले दुखणे उलटते तेव्हा माणूस खचतो. त्या खचण्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. दुखण्याची ओळख

कमरेपासून निघून कुल्ला, मांडी, पोटरी, टाच असे खाली उतरणारे दुखणे आपल्याकडे घरोघर आहे. कोणी त्यास 'नस दबली' म्हणतो, कोणी 'सायटिका' म्हणतो. आपल्या आयुर्वेदात त्याचे नाव गृध्रसी. चरकाचार्यांनी वातव्याधींच्या अध्यायात ते सांगितले आहे, आणि वेदना कोठून सुरू होऊन कोणत्या क्रमाने पायापर्यंत जाते हेही दिले आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल त्या पक्ष्यासारखी वाकडी होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. म्हणजे हे दुखणे आजचे नव्हे आणि ते एकट्या तुमचेही नव्हे.

आजचे वैद्यकशास्त्र सांगते की कण्याच्या मणक्यांमध्ये ज्या गाद्या असतात त्यांतील एखादी सरकली किंवा फुगली म्हणजे शेजारून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला त्रास होतो. पायात जाणारा हा मज्जातंतू साऱ्या शरीरात सर्वांत जाड आहे. त्याचे मूळ चिडले कमरेत, तरी कळ कळते पोटरीत न् तळव्यात. बहुतेकांचे हे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळ कमी होते, आणि सरकलेली गादीही अनेकदा आपोआप आक्रसते. काहींचे मात्र तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळते. असे रेंगाळलेले दुखणे सरळ रेषेत बरे होत नाही. ते चार पावले पुढे जाते न् दोन मागे येते. ही गोष्ट आरंभीच कळली असती तर माझे निम्मे दुःख वाचले असते.

मधुमेहाने तळव्यांची होणारी आग आणि नागीण उठून गेल्यावर मागे राहणारी जळजळ, हीही मज्जातंतूंचीच दुखणी. औषधे वेगळी असतात, पण पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्यांनाही लागू पडते.

२. माझा प्रमाद

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपला प्रमाद सांगावा, हा न्याय आहे.

२०२१ सालच्या दिवाळीनंतर माझा डावा पाय धरला. सहा महिने उपचार झाले आणि चांगला उतार पडला. पुढच्या हंगामात एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे बोलावणे आले. मला वाटले, आता आपण बरे झालो. औषधाच्या गोळ्या मी माझ्याच मनाने बंद केल्या. तीन दिवस लागोपाठ तीन गावी कीर्तन घेतले. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन तास उभे राहणे, रात्री जीपमधून खडबडीत रस्त्याने परतणे, झोप नाही. पहिल्या दिवशी पाय कुरकुरला. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. मी लक्ष दिले नाही, कारण कौतुक होत होते. काल्याच्या कीर्तनात तिसऱ्या दिवशी अशी चमक निघाली की पाय खालून निघून गेल्यासारखा झाला. टाळकऱ्यांनी धरले म्हणून पडलो नाही. चार शब्द बोलून मला खाली बसावे लागले.

आपल्या संप्रदायात कीर्तन उभ्याने आणि प्रवचन बसून, ही रीत आपणांस विदित आहे. कीर्तनकार मध्येच खाली बसला, हे शेकडो लोकांनी पाहिले. कळ मोठी होती, पण लाज तिच्याहून मोठी होती. घरी येऊन दुसरी चूक केली : पंधरा दिवस अंथरूण सोडले नाही. तिसरी चूक केली : कोणाच्या तरी सांगण्यावरून एका जाणत्याकडून पाय ओढवून घेतला. दुखणे दुप्पट झाले. मग ज्यांच्याकडे आधी जायला हवे होते त्या डॉक्टरांकडे मान खाली घालून गेलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "महाराज, तुम्ही बरे झालेला नव्हता, बरे होत होता. या दोहोंत फरक आहे."

या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस चिंतन केले.

३. नववा अंतराय

लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी योगसूत्रे पाठ करून घेतली होती. पाठ होती, पण कळली नव्हती. अंथरुणावर पडल्यापडल्या एक सूत्र आठवले. पतंजली मुनींनी साधकाच्या वाटेतले नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांस अंतराय म्हणतात. त्यांत पहिला कोणता? व्याधी. मुनींनी शरीराच्या दुखण्याला तुच्छ मानले नाही. पहिल्याच जागी बसवले. जे म्हणतात की खऱ्या भक्ताला दुखण्याचे काय, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता शेवटचे दोन पाहा. आठवा आहे अलब्धभूमिकत्व, म्हणजे पायरी न गाठणे. नववा अनवस्थितत्व, म्हणजे पायरी गाठूनही तिच्यावर न टिकणे. हा क्रम नीट पाहिला म्हणजे एक मोठी गोष्ट उलगडते. जो चढलाच नाही, तो घसरेल कसा? घसरण्यासाठी आधी वर जावे लागते. म्हणून दुखणे उलटले याचा अर्थ "मी जेथून निघालो तेथेच आलो" असा नव्हे. आपण एक पायरी गाठली होती, तीवर स्थिर होणे बाकी होते, एवढाच त्याचा अर्थ. गाठलेली पायरी शरीराने पाहिलेली आहे. वाट माहीत झाली आहे.

त्या अंतरायांचे सोबतीही मुनींनी सांगितले आहेत. त्यांत मनाची उदासी आहे, अंगाचा कंप आहे, श्वासाचे बिघडणे आहे. कळ उठली की पाहा, आपण श्वास धरून ठेवतो, दात आवळतो, आणि मन म्हणते की आता सगळे संपले. शत्रू एक आला, पण घरात चौघे शिरले. आणि यावर उपाय काय सांगितला? एकाच तत्त्वाचा अभ्यास. दहा वैद्य, वीस तेले, तीस सल्ले नव्हेत. एक धरावे न् ते सोडू नये. अभ्यासाचीही तीन लक्षणे सांगितली : तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदराने केलेला हवा. माझ्या अभ्यासात दीर्घकाळ नव्हता, कारण मला घाई होती. अखंडपणा नव्हता, कारण बरे वाटले की व्यायाम सुटत असे. आणि आदरही नव्हता, कारण रोज दहा मिनिटे चालण्याला मी क्षुल्लक समजत होतो.

४. शेतातला जागल्या

उलटलेल्या दुखण्याची भीती का वाटते? प्रत्येक कळेसरशी आपणांस वाटते की आत काहीतरी पुन्हा तुटले. येथे आजच्या शास्त्राचे सांगणे समजून घेणे हिताचे आहे.

हंगामात आपण शेतात जागल्या ठेवतो. रानडुक्कर आले की तो ओरडतो, गोफण फिरवतो. ते त्याचे कामच. परंतु चार रात्री डुकरांनी धुमाकूळ घातला की पाचव्या रात्री तो पान हलले तरी ओरडतो. डुक्कर नसते, पण आरोळी खरी असते. जागल्या खोटारडा नव्हे. तो घाबरलेला आहे. रेंगाळलेल्या दुखण्यात मज्जातंतूंचे असेच होते. ते अतिजागरूक होतात. थोडा ताण, थोडी थंडी, एखादी अर्धी झोप किंवा घरातली चिंता, एवढ्यानेही कळ उठते. वेदना खरीच असते, कल्पना नसते. पण प्रत्येक वेळी नवी इजा झालेली असतेच असे नाही. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले की कण्यामध्ये जणू एक दार आहे, आणि वेदनेचा निरोप किती आत जाऊ द्यायचा हे त्या दारावर ठरते. वरून मेंदूही ते दार कमीअधिक लोटतो. त्या मताचे तपशील पुढे बदलले, परंतु भीती, निराशा, झोप आणि आधार यांचा वेदनेवर खरोखर परिणाम होतो, हे आज मान्य झालेले आहे.

जागल्याला शांत कसे करावे? त्याला मारून नव्हे, आणि शेत सोडून पळूनही नव्हे. आपण रोज ठरल्या वेळी शांतपणे शेतात एक फेरी मारावी. त्याला हळूहळू खात्री पटते.

आणि वेळ लागतो तो का, तेही ऐका. दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तेव्हा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजा न् हिशेब करा. आपण वसमत-हिंगोलीकडचे लोक हळद लावणारे. लावण उन्हाळ्याच्या शेवटी, काढणी पुढच्या वर्षी माघ-फाल्गुनाच्या सुमारास. मधल्या काळात पानं पिवळी पडली की घाबरून कोणी गड्डा उपटून पाहतो का? जो पाहील त्याची हळद गेली.

५. वारीची चाल

आता मुख्य उपाय. तो आपणांस वारीनेच शिकवून ठेवला आहे. आपण तो दुखण्याला लावीत नाही इतकेच.

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर. गडी धडधाकट असेल तर मोठमोठ्या मजला मारून लवकर पोहोचेल. पण पालखी तसे करीत नाही. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. आज अंगात उत्साह आहे म्हणून दोन मुक्काम ओलांडायचे नाहीत. आज पाऊस आहे म्हणून वाटेतच बसायचे नाही. विसावा दमल्यावर नव्हे, विसाव्याची जागा आली की घ्यायचा. म्हणून म्हातारीकोतारीही पोहोचतात.

रेंगाळलेल्या दुखण्याचा रोगी नेमके उलटे करतो. चांगल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकतो, आणि मग चार दिवस पडून राहतो. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, मग पुढच्या वेळी थोड्याच कामाने कळ उठते. असे हे रहाट फिरत राहते. यातून सुटण्याची युक्ती अशी : जेवढे वाईट दिवशीही सहज जमेल तेवढेच माप आधी धरावे. मला ते सात मिनिटे चालण्याचे होते. लाज वाटली, पण धरले. चांगल्या दिवशीही सातच, वाईट दिवशीही शक्यतो सातच. आठवडा निभला की एक मिनिट वाढवायचे. कळ सांगते म्हणून थांबायचे नाही, उत्साह सांगतो म्हणून पळायचे नाही. ठरलेला मुक्काम आला की थांबायचे.

आणि एक वही ठेवावी. काल-आजची तुलना करू नये. ती नेहमी फसवते. या पंधरवड्याची मागच्या पंधरवड्याशी करावी. मी एकादशीस वही उघडतो. ज्या दिवशी मी म्हणालो की काहीच उतार नाही, त्या दिवशी वहीने दाखवले की तीन महिन्यांपूर्वी मला स्वतःच्या हाताने पायात चप्पल घालता येत नव्हती.

६. दुखणे उलटले तर

हे बरे असताना लिहून ठेवावे, कारण कळेच्या वेळी बुद्धी ठिकाणावर नसते.

पहिले, धोक्याची लक्षणे पाहावी. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी किंवा जांघेत बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे किंवा फरफटणे, दोन्ही पायांत जोर कमी होत जाणे, पाठदुखीबरोबर ताप, कारणाशिवाय वजन उतरणे, पडल्यानंतर उठलेले दुखणे : यांतले काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. तेथे धीर धरणे हा गुण नव्हे.

दुसरे, ती लक्षणे नसतील तर काम निम्म्यावर आणावे, शून्यावर नव्हे. दहा मिनिटे चालत असाल तर पाच चाला, तीही दोनदा मिळून. फार दिवस अंथरुणावर पडणे आता डॉक्टरही सांगत नाहीत.

तिसरे, औषध आपल्या मनाने वाढवू नये, बंदही करू नये. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची काही औषधे एकदम सोडली तर त्रास होतो. ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी लागतात.

चौथे, श्वास. नामस्मरण करताना श्वास सोडण्याचा भाग लांबवावा. याने दुखणे जाईल असा माझा दावा नाही. पण आवळलेले दात सुटतात, खांदे उतरतात, न् रात्र निभते.

पाचवे, घरच्यांना सांगावे. मी लपवीत असे. घरी कळल्यावर सूनबाई म्हणाली, "मामा, तुम्ही चिडत होता ते पायामुळं, हे आधी सांगितलं असतं तर आम्हाला वाटलं नसतं की आमचंच काही चुकलं." माझ्या कळेची झळ कोणाकोणाला लागत होती, ते तेव्हा कळले.

सहावे, कळ ओसरल्यावर एकदम जुन्या मापावर जाऊ नये. जसे उतरलो तसे पायरीपायरीने चढावे. आणि वहीत लिहावे की या वेळी काय घडले होते : झोप, प्रवास, ओझे की चिंता. दोष देण्यासाठी नव्हे, पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून.

७. देवाने टाकले काय?

आता त्या माउलीचा मूळ प्रश्न.

नामदेवरायांची कथा आपण सर्व जाणतो. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले आणि मडक्यांची परीक्षा केली. नामदेवराय कळवळले, सर्वांसमक्ष ठरले की हे मडके कच्चे. ज्यांच्याशी देव बोलत असे, ते कच्चे! रडत ते विठ्ठलाकडे गेले. देवाने काय केले? "ते चुकले, तू पक्काच आहेस," असे म्हटले नाही. विसोबा खेचरांकडे पाठवले. ती भेट झाली ती औंढा नागनाथला, आपल्याच जिल्ह्यात. तेथून पुढचे नामदेवराय निराळे. ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत.

यातला शब्द नीट ऐकावा. गोरोबाकाका 'फुटके' म्हणाले नाहीत, 'कच्चे' म्हणाले. फुटके टाकून देतात. कच्चे पुन्हा आव्यात घालतात. दुखणे उलटले म्हणजे मडके फुटले असे नव्हे. अजून भाजणे बाकी आहे.

जवळच्या काळातले उदाहरण बाबा आमटे यांचे. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. पुढे त्यांच्या कण्याचे दुखणे असे विकोपाला गेले की बसणे अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच हाती उरले. सत्तरी ओलांडलेली. तरी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा निघाली. तरुण सायकलींवर, बाबा गाडीत आडवे. १९८८ साली पुन्हा इटानगर ते ओखा. कण्याने बसू दिले नाही म्हणून ते घरी पडून राहिले नाहीत. आणि कण्याशी हट्ट करून सायकलीवरही चढले नाहीत. काय जाते न् काय उरते, याचा हिशेब करून उरलेल्यावर त्यांनी काम चालवले.

आणि ज्यांची सेवा त्यांनी केली त्यांचा रोग काय करतो? कुष्ठरोग मज्जातंतूंवर बसतो आणि संवेदना हिरावून घेतो. हात भाजला तरी कळत नाही. म्हणून जखमा चिघळतात न् बोटे झिजतात. वेलोरचे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले की त्या हातापायांचा नाश बराचसा वेदना न कळल्याने होतो. मधुमेही वारकऱ्यांचेही असेच आहे. तळवे बधिर असतील त्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये आणि रोज संध्याकाळी तळवे पाहावे. तेव्हा वेदना ही शत्रूच आहे असे म्हणता येत नाही. ती राखणदार आहे. माझी राखणदार थोडी जास्त ओरडते, इतकेच.

लोक म्हणतात, "एवढं भजन करूनही पाय धरलाच ना?" त्यांना उत्तर देत बसू नये. भजन हे दुखण्याचे मोल नव्हे. कूर्मदासांना हात-पाय नव्हते, तरी ते पंढरीच्या वाटेने सरपटत निघाले, आणि लऊळच्या पुढे त्यांना जाववेना. सरपटण्यात कमी पडले म्हणून देवाने त्यांना टाकले नाही. देव लऊळला आला, असे आपली परंपरा सांगते.

आज माझी स्थिती काय, तेही सांगून संपवतो. पाय पूर्ण बरा नाही. चाळीस मिनिटे उभा राहतो. म्हणून कीर्तन छोटे करतो, नाहीतर बसून प्रवचन करतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी आले. आता येत नाही. गेल्या आषाढात सबंध वारी झाली नाही. एक मुक्काम चाललो, पुढे गाडीने गेलो. मध्यंतरी दोन वेळा दुखणे उलटले. पहिल्या वेळी सावरायला अडीच महिने लागले होते; शेवटच्या वेळी अकरा दिवस. वहीत लिहिलेले आहे.

त्या माउलीस मी वाटेवर एवढेच विचारले होते, "आज घरापासून इथवर कशा आलात?" म्हणाल्या, "एसटीच्या फाट्यापासून चालत." म्हटले, "चार महिन्यांपूर्वी आला असता का?" जरा थांबल्या न् म्हणाल्या, "तवा तर उठताबी येत नव्हतं." मग काठी टेकवून त्या कयाधूकडे बघत राहिल्या. पोते पुन्हा उचलू नका, असे मी सांगितले. त्या हसल्या न् म्हणाल्या, "आता पोराला सांगीन."

रामकृष्णहरी.